स्लाइड्स फेकू नका, नव्या करा!

२०२२ साली आपल्या मंडळाचा सुवर्णमहोत्सव थाटात पार पडला. लेझीम झाले, नाटक झाले, पुरणपोळ्यांची पंगत झाली. पण कार्यक्रमपत्रिकेतली एक बाब त्या संध्याकाळी गाळली गेली, हे किती जणांच्या लक्षात आहे? 'मंडळाची पहिली पंचवीस वर्षे : एक पुनर्दर्शन' असे तिचे नाव होते. निवेदिकेने "काही तांत्रिक कारणामुळे" असे गोड आवाजात सांगितले आणि मंडळी बटाटेवड्यांकडे वळली.

ते तांत्रिक कारण काय होते हे मला चांगले ठाऊक आहे. त्यावरून कार्यकारिणीशी माझे जे भांडण चालू आहे ते आजवर पार्किंग लॉटमध्ये आणि फोनवर झाले. आता ते लेखी करतो. संपादकांनी कात्री लावली नाही तर तुमच्यापर्यंत पोचेल.

भांडणाचा मुद्दा दोन ओळींत सांगतो. मंडळाच्या स्टोरेज युनिटमध्ये जुन्या फोटो-स्लाइड्सची खोकी आहेत. कार्यकारिणीचे म्हणणे असे की ती स्कॅन करावीत, फाइली क्लाउडवर टाकाव्यात आणि खोकी कचऱ्यात टाकून भाडे वाचवावे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. खोकी ठेवावीत, आणि त्यांच्या शेजारी दरवर्षी एक नवे खोके ठेवावे. वर्षभराच्या कार्यक्रमांचे जे प्रेझेंटेशन आपण कॉम्प्युटरवर करतो, त्यातल्या निवडक ऐंशी चित्रांच्या खऱ्याखुऱ्या, ३५ मिलिमीटर फिल्मवरच्या स्लाइड्स कराव्यात.

हे मी पहिल्यांदा बोललो तेव्हा मीटिंगमध्ये हशा पिकला. "काका, मग कार्यक्रमाची आमंत्रणं कबुतरांनी पाठवूया का?" असे एकाने विचारले. विनोद चांगला होता, मीही हसलो. पण हसून झाल्यावर माझे म्हणणे ऐकायला कुणी थांबले नाही, म्हणून हा लेख.

आधी माझा अधिकार सांगतो. मी १९७१ साली या देशात आलो. फोटोग्राफीचा छंद होता, त्याचीच पुढे नोकरी झाली. १९७६ पासून २००५ मध्ये निवृत्त होईपर्यंत मी इथल्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या दृक्श्राव्य विभागात होतो. माझे काम एकच, डॉक्टर मंडळींना परिषदेत भाषणासाठी स्लाइड्स करून देणे. सुरुवातीला आम्ही टाइप केलेला कागद स्टँडवर लावून हाय-काँट्रास्ट फिल्मवर टिपायचो आणि मग त्यावरून निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असलेली डायझो स्लाइड करायचो. आलेख हाताने काढायचो. पुढे कॉम्प्युटर आला.

आजच्या मुलांना वाटते की 'स्लाइड' हा शब्द पॉवरपॉइंटने जन्माला घातला. अहो, पॉवरपॉइंट जन्माला आले तेच मुळी आमच्या स्लाइड्स आणि ट्रान्सपरन्सीज करण्यासाठी! १९८७ साली ते मॅकिंटॉशवर आले तेव्हा त्यावर फक्त काळी-पांढरी पाने होत. ती प्रिंटरवर छापून ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायची. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत रंग आले आणि ३५ मिलिमीटर स्लाइड्सची सोय आली. फाइल मोडेमवरून जेनिग्राफिक्स नावाच्या कंपनीला पाठवायची आणि तिने फिल्मवर स्लाइड्स करून परत धाडायच्या, असा तो व्यवहार. आजही पॉवरपॉइंटमध्ये पानाचे माप बदलायला गेलात तर त्या यादीत '३५ मिमी स्लाइड्स' हे नाव दिसेल. आपल्या वाड्याच्या भिंतीत बुजवलेला जुना दरवाजा असतो ना, तसे.

आमच्या विभागात हे काम करणारे यंत्र होते, त्याला फिल्म रेकॉर्डर म्हणत. बाहेरून ते नुसते एक खोके. आत एका टोकाला लहानशी पण अतिशय बारीक रेषेची काळी-पांढरी पिक्चर ट्यूब, दुसऱ्या टोकाला तिच्याकडे तोंड करून बसवलेला कॅमेरा, आणि दोघांच्या मध्ये लाल, हिरव्या, निळ्या काचांचे फिरते चाक. कॉम्प्युटर चित्रातला लाल भाग ओळीओळीने ट्यूबवर काढायचा तेव्हा लाल काच पुढे यायची. मग हिरवा, मग निळा. एकाच फ्रेमवर तीन वेळा प्रकाश पडायचा आणि रंगीत चित्र तयार व्हायचे. एका स्लाइडला दोन-तीन मिनिटे लागत. रोल संपला की धुवायला, आणि सुकला की कापून दोन इंच चौकोनी माउंटमध्ये.

आमच्या यंत्रावर आडव्या ओळीत ४०९६ ठिपके येत आणि उभ्यात सुमारे २७३०. म्हणजे एका स्लाइडवर एक कोटी दहा लाखांहून अधिक ठिपके! त्याच वेळी बाजारात आलेले डेटा प्रोजेक्टर ६४० बाय ४८० नाहीतर ८०० बाय ६०० ठिपके दाखवत. आज तुम्ही दुकानातून जो 'फोर-के' टीव्ही कौतुकाने आणता त्यावरही ८३ लाखच ठिपके असतात. हे बढाईसाठी सांगत नाही. फिल्मची स्लाइड ही काही तरी अंधुक, जुनाट, आजोबांच्या काळातली वस्तू आहे असा जो समज आहे, तो एकदा दूर व्हावा म्हणून सांगतो.

आता १९९७ ची गोष्ट.

मंडळाचा रौप्यमहोत्सव होता. आपल्या संस्थापकांपैकी एक, माझा जिवलग मित्र, याने ठरवले की पंचवीस वर्षांचा इतिहास चित्ररूपाने मांडायचा. त्याने घरोघर फिरून फोटो गोळा केले, स्कॅन केले, आणि आपल्या विंडोज ९५ च्या कॉम्प्युटरवर पॉवरपॉइंटमध्ये बहात्तर पाने रचली. प्रत्येक फोटोखाली मराठीत ओळ, आणि त्या ओळीत फोटोतल्या प्रत्येकाचे नाव. त्या काळी युनिकोड आपल्यापैकी कुणाला माहीत नव्हते. पुण्याहून येताना त्याने एक मराठी फाँट फ्लॉपीवर आणला होता. त्यात 'क्ष' उमटवायला तीन कळा दाबाव्या लागत आणि रफार कधी कुठे पडेल याचा भरवसा नसे.

हॉलमध्ये डेटा प्रोजेक्टर नव्हता. भाड्याने आणायचा तर महाग, आणि एवढ्या मोठ्या हॉलात त्याचा उजेड पुरला नसता. म्हणून तो झिप डिस्क आणि फाँटची फ्लॉपी घेऊन माझ्याकडे आला. साहेबांची परवानगी काढून, फिल्मचे पैसे भरून, एका शनिवारी आम्ही दोघे यंत्रापाशी बसलो. पहिली गोष्ट, पानाचे माप चुकलेले. कॉम्प्युटरचा पडदा तेव्हा चारास तीन, स्लाइडची फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे तीनास दोन. तसेच छापले असते तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले असते. माप बदलले तर ओळी सरकल्या. त्या सगळ्या पुन्हा बसवल्या. माउंटची कड फ्रेमचा काठ झाकते, म्हणून अक्षरे आत घेतली. पांढऱ्या पार्श्वभूमीने अंधारात डोळे दिपतात, म्हणून ती गडद निळी केली. त्याने पाचवेळा चहा केला आणि सतरा वेळा शुद्धलेखन तपासले. कारण स्लाइड धुऊन आली की चूक सुधारता येत नाही, नवी करावी लागते. रात्री अकरा वाजता दोन रोल भरले. दोन रोल म्हणजे बरोबर बहात्तर फ्रेम. चुकायला एकही जागा नव्हती.

कार्यक्रम झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, स्लाइड्सचा ट्रे मंडळाच्या सामानात गेला आणि सगळे विसरले. मित्र २०११ साली गेला.

२०२२ मध्ये कार्यकारिणीतल्या एका हुशार मुलाने वहिनींकडून ती झिप डिस्क मिळवली. आता ऐका, त्याला किती कुलपे लागली ती.

पहिले कुलूप, डिस्क वाचायला ड्राइव्हच नाही. त्याने तो कुठून तरी जुन्या बाजारातून मागवला. दुसरे कुलूप, फाइल मिळाली पण उघडेना. २००७ पासूनचे पॉवरपॉइंट १९९५ च्या आवृत्तीच्या फाइली उघडतच नाही. त्याने कुठलासा जुना कॉम्प्युटर आणि त्यावरचा जुना प्रोग्रॅम मिळवला. तिसरे कुलूप सगळ्यांत मोठे. फाइल उघडली, फोटो दिसले, आणि त्याखाली जिथे मराठी ओळी हव्या होत्या तिथे इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांच्या आणि डॉलरच्या खुणा यांची भेळ! त्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फाँट गेला की मराठी गेली. त्या फाँटची फ्लॉपी कुठे होती ते माझ्या मित्रालाच ठाऊक होते. मुलाने दोन-तीन जुने फाँट लावून पाहिले. भेळ बदलली, मराठी आली नाही. कार्यक्रमाची वेळ झाली. हेच ते "तांत्रिक कारण".

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने केले तेवढे दुसऱ्या कुणी केले नसते. दोष आहे तो "फाइल आहे ना, मग झाले" या समजुतीचा.

पंधरा दिवसांनी स्टोरेज युनिट रिकामे करायचे म्हणून मला बोलावणे आले. "काका, ह्यातलं काय कामाचं आहे ते बघून सांगा, बाकीचं फेकतो." 'जुना माल' असे मार्करने लिहिलेल्या खोक्यात, फाटक्या तोरणांखाली, तो ट्रे सापडला. मी पहिली स्लाइड काढून ट्यूबलाइटसमोर धरली. १९७३ चा आपला पहिला गणपती, चर्चच्या तळघरातले स्वयंपाकघर, मोदकांच्या पराती आणि सात बायका. खाली डावीकडून उजवीकडे सातही नावे, माझ्या मित्राने सतरा वेळा तपासलेली, एकही अनुस्वार न हललेली. ना ड्राइव्ह लागला, ना प्रोग्रॅम, ना फाँट. बहात्तरपैकी एकाहत्तर स्लाइड्स शाबूत होत्या. एक कुठे गेली ते गणपतीला ठाऊक.

त्या सातांपैकी तिघींची नावे खोलीत उभ्या असलेल्या कुणालाच सांगता येत नव्हती, मलासुद्धा. त्या तिघींनी कधी कमिटीत जागा मागितली नाही, कुठल्या स्मरणिकेत त्यांचा फोटो नाही. त्यांनी मोदक केले, घासलेली भांडी परत गाडीत भरली आणि दोन वर्षांनी नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागे दुसऱ्या राज्यांत निघून गेल्या. या मंडळात त्या होऊन गेल्या याचा एकमेव लेखी पुरावा त्या दोन इंच चौकोनात आहे. आणि तो आम्ही त्या दिवशी कचऱ्यात टाकणार होतो.

मी प्रोजेक्टर घेऊन वहिनींकडे गेलो. एकाहत्तर स्लाइड्स त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर दाखवल्या. वहिनींनी सगळ्या शांतपणे पाहिल्या. मोदकांची स्लाइड पुन्हा लावायला सांगितली आणि म्हणाल्या, "बघा भाऊजी, ह्यांनी माझं नाव सगळ्यांत शेवटी टाकलं. उकड मी काढली होती!" पंचवीस वर्षांनी का होईना, तक्रार नोंदवली गेली. फाइलवर भिस्त ठेवली असती तर तीही राहून गेली असती.

आता माझ्यावर येणारे आक्षेप एकेक करून घेतो.

पहिला आक्षेप: "स्लाइड्स स्कॅन केल्या की काम झालं." स्कॅन जरूर करा. मी स्वतः करून दिल्या आहेत, घरोघर पाठवायला त्याच उपयोगी. पण स्कॅन म्हणजे पुन्हा फाइलच. जिच्यामुळे घोळ झाला तिच्याच हाती मूळ वस्तू सोपवायची आणि मूळ फेकून द्यायची? दागिन्याचा फोटो काढला म्हणून कुणी दागिना टाकून देत नाही.

दुसरा आक्षेप: "आता युनिकोड आहे, पीडीएफ आहे, क्लाउड आहे. १९९७ सारखं होणार नाही." हा आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करतो. युनिकोडमुळे मराठीची भेळ होणे थांबले, पीडीएफमध्ये फाँट बरोबर जातो. मोठी ग्रंथालये डिजिटल गोष्टी उत्तम जपतात. पण कशी जपतात ते विचारा. त्यासाठी पगारी माणसे असतात. ती दर काही वर्षांनी सगळे नव्या डिस्कवर उतरवतात, तपासतात, गरज पडली तर नव्या स्वरूपात आणतात. एकही पिढी चुकवून चालत नाही.

आपल्याकडे ती माणसे कोण? आपली कार्यकारिणी दर दोन वर्षांनी बदलते. गेल्या पंचवीस वर्षांत मंडळाच्या वेबसाइटी तीन झाल्या. पहिल्या दोघींवरचे फोटो आज कुणाकडे आहेत? एका खजिनदारांच्या ई-मेलवर क्लाउडचे खाते उघडले होते. ते नोकरी बदलून टेक्ससला गेले, पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला. पुढच्या कमिटीने नवे खाते उघडले. यात कुणाची लबाडी नाही. सगळे नोकरी, मुले, सॉकर, भारतवारी सांभाळून मंडळाचे काम करतात. पण अशी संस्था दर पाच-सात वर्षांनी न चुकता फाइली उतरवत राहील असे समजणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. जी संस्था लक्ष देऊ शकत नाही तिने दुर्लक्षातही टिकणारी वस्तू निवडावी. आमचा ट्रे पंचवीस वर्षे फाटक्या तोरणांखाली पडून होता. कुणी त्याची काळजी घेतली नाही, आणि तो टिकला. झिप डिस्क वहिनींनी कपाटात देवासारखी जपली होती, आणि तिचा उपयोग झाला नाही.

तिसरा आक्षेप: "फिल्म मेली." मरणाची बातमी खरी, पण अर्धी. कोडॅकने २००४ साली स्लाइड प्रोजेक्टर करणे बंद केले. २००९ साली कोडाक्रोम बंद केली; ती धुणाऱ्या शेवटच्या लॅबने, कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी, २०१० च्या डिसेंबरअखेर शेवटचे रोल स्वीकारले. २०१२ साली कोडॅकने दिवाळखोरी जाहीर केली आणि एक्टाक्रोमही थांबवली. तेव्हा मीही सुस्कारा टाकला होता. पण २०१८ साली एक्टाक्रोम पुन्हा बाजारात आली, आणि तिच्या मागे लागलेली गिऱ्हाइके माझ्या वयाची नाहीत, तुमच्या मुलांच्या वयाची आहेत. ती धुऊन देणाऱ्या लॅब टपालाने रोल घेतात. डिजिटल चित्रावरून स्लाइड करून देणाऱ्याही थोड्या लॅब या देशात शिल्लक आहेत. पुढे त्या बंद पडतील, हे मला कळते. म्हणून तर आज करा म्हणतो!

चौथा आक्षेप: "पुढच्या पिढीकडे प्रोजेक्टर कुठून येणार?" प्रोजेक्टर नसला तरी चालतो. स्लाइड म्हणजे नुसते चित्र. ते खिडकीसमोर धरले तर दिसते आणि भिंग लावले तर वाचता येते. भिंग आणि खिडकी पुढच्या पिढीकडेही असेल.

पाचवा आक्षेप: "फिल्मचे रंगही उडतात." उडतात. माझ्या सत्तरच्या दशकातल्या काही एक्टाक्रोम स्लाइड्स लालसर झाल्या आहेत. उष्णता, दमट हवा आणि प्रोजेक्टरचा प्रखर दिवा हे तिचे शत्रू. पण फिल्म हळूहळू म्हातारी होते. लाल झालेल्या फोटोतही आई ओळखू येते. फाइल मात्र आदल्या दिवशीपर्यंत ठणठणीत असते आणि दुसऱ्या दिवशी उघडतच नाही.

आणि आता कॉम्प्युटरवाल्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली आहे. मला 'फिल्मवाले काका' म्हणून हसणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. तुम्ही ज्या गिटहबवर रोज आपला कोड ठेवता, त्या गिटहबने २०२० साली काय केले? आपल्याकडच्या सार्वजनिक कोडची एक प्रत काढली आणि नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहात, कोळशाच्या एका जुन्या खाणीत, हजार वर्षे टिकावी म्हणून नेऊन ठेवली. कशावर? १८६ फिल्मच्या रिळांवर! कोड ठिपक्यांच्या खुणांत उतरवला आहे, आणि तो कसा वाचायचा याचे मार्गदर्शन मात्र नुसत्या डोळ्यांना वाचता येईल अशा अक्षरांत, फिल्मवरच. जगभरच्या कोडला फिल्म चालते, तर आपल्या मोदकांच्या पराती तिच्यावर ठेवायला लाज कसली?

सहावा आक्षेप कुणी उघड घेत नाही, पण तोच खरा असतो: "एवढी उठाठेव कोण करणार?" तर ती कशी करायची तेही सांगतो.

दिवाळीच्या कार्यक्रमानंतर तिघांनी एका दुपारी बसावे आणि वर्षभराच्या फोटोंतून ऐंशी निवडावेत. ऐंशीच का, तर कॅरूसेलच्या नेहमीच्या ट्रेमध्ये ऐंशी खाचा असतात. आज प्रत्येक कार्यक्रमाचे हजारभर फोटो निघतात आणि ते कुणीच पाहत नाही. खाचा मोजक्या असल्या की माणूस विचार करतो: हा फोटो का ठेवायचा, यात कोण आहे, पन्नास वर्षांनी कुणाला काय कळावे? डॉक्टरांकडे मी हे रोज पाहत होतो. स्लाइडला पैसे पडत होते, तोवर ते वीस स्लाइड्समध्ये मुद्दा मांडत. प्रेझेंटेशन फुकट झाले आणि तेच डॉक्टर शंभर पाने घेऊन उभे राहू लागले. शेवटच्या चाळीस पानांना "हे मी भरभर पुढे नेतो."

निवडलेला प्रत्येक फोटो पॉवरपॉइंटच्या एका पानावर टाकावा. पानाचे माप '३५ मिमी स्लाइड्स'. खाली मराठीत तारीख, जागा आणि दिसणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण नाव. "सौ. व श्री. कुलकर्णी आणि मित्रपरिवार" असले चालणार नाही. मित्रपरिवारालाही नावे असतात. मग पाने लॅबला पाठवावीत. लॅब परवडत नसेल तर माझा जुना कॅमेरा आहे. चांगल्या मॉनिटरवर पान भरून लावायचे, खोलीत पूर्ण अंधार करायचा, कॅमेरा तिकाटण्यावर मॉनिटरच्या मधोमध सरळ रेषेत, शटर सावकाश. आधी करड्या रंगाचे पान लावून प्रकाश मोजायचा आणि एक रोल निरनिराळ्या एक्स्पोजरचा, केवळ चाचणीसाठी खर्च करायचा, कारण स्लाइड फिल्म प्रकाशातली चूक पोटात घालत नाही. तो धुऊन आला की त्यातले योग्य माप धरून उरलेले तीन रोल एका दुपारी होतात. फिल्म रेकॉर्डरची सर येणार नाही, पण नावे स्वच्छ वाचता येतील.

धुऊन आलेल्या स्लाइडच्या माउंटवर पेन्सिलीने वर्ष आणि क्रमांक घालावा. ट्रे कुणाच्या तरी घरात, थंड, कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवावा. गॅरेजमध्ये नको, माळ्यावर नको. वारंवार दाखवायला स्कॅन आहेत, मूळ ट्रे पाच-दहा वर्षांतून एकदा काढावा. या सगळ्याचा खर्च स्टेजच्या फुलांच्या सजावटीपेक्षा जास्त होणार नाही. फुले दुसऱ्या दिवशी आपण कचऱ्यात टाकतो, त्याबद्दल मात्र मीटिंगमध्ये कुणी हसत नाही.

मंडळी, आपण इथे आलो तेव्हा आपल्यामागे वाडे होते, वतनांचे कागद होते, कुळाच्या वंशावळी होत्या. इथे आपल्या मागे काय आहे? भाड्याचे हॉल आणि बदलत्या कमिट्या. आपण इथे होतो, याची नोंद दुसरे कुणी ठेवणार नाही. ती आपणच ठेवायची आहे, आणि आपल्या नातवंडांना पासवर्ड न विचारता वाचता येईल अशा रीतीने.

येत्या वार्षिक सभेत मी रीतसर ठराव मांडणार आहे: एक, जुनी खोकी फेकू नयेत, दोन, यंदापासून दरवर्षी ऐंशी. अनुमोदनाला एक हात हवा आहे. वहिनींनी आधीच कळवले आहे की त्या सभेला येतील, मात्र त्यांचे नाव या वेळी पहिले टाकायचे. माझ्याकडे एक चालू प्रोजेक्टर आणि दोन जादा दिवे आहेत. सभेच्या दिवशी मी तो आणि ती मोदकांची स्लाइड घेऊन येईन. ज्यांना अजून हसू येत असेल त्यांनी ती आधी पाहावी आणि त्या सात बायकांपैकी किती जणींना आपण ओळखतो ते सांगावे. मग हसायला मी मोकळीक देतो.